पियानोला तेल

पनवेलची खारी, दमट हवा पियानोला सोसवत नाही, हे लग्न होऊन आल्यावर दोनच पावसाळ्यांत रेवाला कळलं. पियानो बाबांनी दिलेला. गिरगावात त्यांनी जन्मभर पियानोच दुरुस्त केले. इथं पट्टी दाबली की दाबलेलीच राही. आत प्रत्येक हातोडीच्या सांध्यात पितळेची बारीक पिन असते, ती लोकरीच्या नमद्यात फिरते. पिना हिरव्या पडल्या होत्या आणि नमदा फुगून त्यांना आवळून बसला होता.

सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं, "दिवाळीपर्यंत तुझा क्लास सुरू झाला तर राहू दे. नाहीतर विकून टाकू बाई, अर्धी खोली अडवलीय."

मग तान्हा अपूर्व झोपला की रेवा एकेक हातोडी सोडवायची. गंजकी पिन ढकलून काढायची, नवी बसवायची, नमदा आकसावा म्हणून त्यावर स्पिरिटचा थेंब सोडायची. पोर मध्येच उठलं की मांडीवर घेऊन, एका हाताने. दिवाळीच्या तोंडावर शेवटची पट्टी दाबली, ती टुणकन वर आली. रेवाने झोपलेल्या अपूर्वचा मुका घेतला.

खालच्या मजल्यावरची रुचिरा रविवारी शिकायला येणार होती. शनिवारी रेवा बाळाला घेऊन आपट्याला मावशींकडे जाऊन आली.

रविवारी आईबरोबर आलेल्या रुचिराने पट्टी दाबली. ती खालीच राहिली. दुसरीही.

रेवाने झाकण उघडलं. सगळे सांधे ओले चकाकत होते.

"मी केलं!" तिचा नवरा देवेश म्हणाला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी त्याची. "शिलाई मशीनचं तेल. एकूण एक सांधा. काल दिवसभर बसलो होतो."

"अरे, तेल प्यालेला नमदा पुन्हा सुकत नाही. सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"पेपर वाचत होतास."

"मग नीट सांगायचं ना! गंजाला तेल नको म्हणणारी तूच पहिली."

सासूबाई रुचिराच्या आईपुढे चहा ठेवत म्हणाल्या, "बघा, केवढं करतो बायकोसाठी. आमच्या ह्यांनी कधी पाट हलवला नाही."

चहा संपवून रुचिराची आई उठली. "तसं भरतनाट्यमचंही बघतोय आम्ही हिच्यासाठी."

दार लागलं. "भाऊबीज झाली की गिऱ्हाईक बघ रे," सासूबाई म्हणाल्या.

देवेश हिरमुसला. कपाटातून बाटली काढून आणली. "अजून थोडं घालून बघू?"

"घाल," रेवा म्हणाली, आणि अपूर्वला पाजायला आत गेली.