मुंगीची पाहणी

या, जरा पुढे सरका, मागच्यांनाही जागा होईल. गोष्ट सांगतो एका संशयाची. ऐकताना हात आपल्याच छातीवर ठेवा म्हणजे झालं.

एक चष्मेवाला होता. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे कॉम्प्युटर उघडून सेवेला बसायचा. सेवा कसली? पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, आंधळ्यांसाठी. फुकट, ओपन सोर्स. कोड कुणीही उघडावा, सुधारावा. ठिकठिकाणची माणसं तो सांभाळत, एकमेकांना टोपणनावानंच ओळखत. नियम एकच: एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय बाहेर जायचं नाही. चष्मेवाल्याची धाकटी बहीण जन्मापासून आंधळी. तिची नोकरी या प्रोग्रामच्याच जिवावर.

एके दिवशी गटात सगळ्यांना एक पाहणी आली, म्हणजे भरून पाठवायची प्रश्नावली. धाडणारी होती मुंगी, गटातली सगळ्यात कष्टाळू बाई. आपण रीतसर संस्था काढावी का? पैसा वर्गणीतून आणावा की कंपन्यांकडून? कारभार कुणी बघावा?

चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. शेजारी बसलेल्या बहिणीला तो म्हणाला, "इतकी वर्षं संस्थेवाचून काही अडलं नाही. आत्ताच बरी हिला खुर्ची आठवली!"

"दादा, तू आरशातल्या माणसालाही ओळखपत्र मागशील," बहीण हसली. "सरक, मी भरते."

ती भरायला बसली तर काय, प्रोग्राम प्रश्न वाची, पण उत्तराच्या चौकोनांवर आला की नुसतं "बटण, बटण, बटण." कुठलं 'हो', कुठलं 'नाही', कळायला मार्ग नाही.

"बघ! ज्यांच्यासाठी प्रोग्राम, त्यांनाच तोंड उघडू द्यायचं नाही. डाव आहे हा!" चष्मेवाल्यानं गटात तसंच खरमरीत लिहिलं. खाली विचारलं, "ही पाहणी तपासली कुणी?"

मुंगीचं उत्तर आलं, "कुणीच नाही. घाई होती."

घाई कसली, ते मात्र सांगेना. झालं! जो तो तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघू लागला. पाहणी कुणी भरेना.

शेवटी बहिणीनंच मुंगीला फोन लावला, स्पीकरवर. "काय गं बाई, खुर्ची हवीय का तुला?"

पलीकडून मुंगी म्हणाली, "आजोबा दवाखान्यात आहेत. डॉक्टरांनी आशा सोडलीय."

आजोबा म्हणजे ज्यांनी हा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला ते. त्याचे आवाज पुरवणारा सर्व्हर ते स्वतःच्या खिशातून चालवत होते.

"ते गेले की खातं बंद, सर्व्हर बंद. कुणाला बोलू नकोस म्हणून त्यांनी शपथ घातली होती. लोकांनी दयेपोटी पैसे द्यायला नकोत त्यांना. आज राहवलं नाही हो."

चष्मेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं फोनवरच मुंगीच्या साथीनं प्रत्येक चौकोन दुरुस्त केला, बहिणीनं ऐकून तपासला. 'मी चुकलो, मुंगीचा हेतू स्वच्छ आहे,' असंही त्यानं गटात लिहिलं. पाहणी पुन्हा गेली.

उत्तरं आली. संस्था हवी. वर्गणी देऊ. आणि शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी लिहिलं, 'कुणीही चालेल, मुंगी नको.'

त्याचं पहिलं लिहिणं सगळ्यांच्या ध्यानात राहिलं होतं. दुसरं कुणी धड वाचलंच नव्हतं. तो पुन्हा लिहायला बसला, तर मुंगीनंच फोन करून अडवलं. "राहू द्या हो दादा. संस्था होतेय ना? आजोबांना सांगून येते."

संस्था उभी राहिली, आवाज चालू राहिला. कारभाऱ्यांत मुंगीचं नाव नाही. तेव्हा मंडळी, कुठं एखादं यंत्र आंधळ्या माणसाला वाचून दाखवताना कानी पडलं, तर हात जोडायच्या आधी घटकाभर त्या मुंगीची आठवण काढा.