डावी भिंत

मी फ्लॅट रॅक बोलतोय. नाव ऐकून गोंधळू नका. साधा कंटेनर म्हणजे बंद पेटी. मला छत नाही, बाजू नाहीत. भक्कम लोखंडी तळ आणि दोन टोकांना दोन भिंती, एवढाच माझा संसार. पेटीत न मावणारं सगळं माझ्या वाट्याला: बॉयलर, बोटी, एकदा तर अख्खा रोड रोलर. समुद्राचं पाणी अंगावर घेत ते मी पोचवतो आणि कौतुक होतं जहाजाचं!

रिकामा झालो की माझ्या भिंती आडव्या पाडतात, म्हणजे आम्हा चार-पाच जणांना एकावर एक रचता येतं. भिंत हळूच उतरावी म्हणून तिच्या बुडाशी स्प्रिंग असते. माझ्या डाव्या भिंतीची स्प्रिंग तुटली आणि तिथूनच माझं वैर सुरू झालं.

यार्डात माल बांधणारा एक कामगार होता. साखळी आवळून झाली की मला थोपटायचा, म्हणून माझा त्याच्यावर जीव. त्याने लगेच ओळखलं. "स्प्रिंग गेलीय. फोर्कलिफ्टचा आधार देऊन उतरवू."

मुकादम त्याचा सख्खा साडू. तो हसला. "फोर्कलिफ्ट कशाला? हात लावला की पडते. घाबरतोस काय?"

चारचौघांत घाबरट कोण ठरेल? कामगाराने भिंतीची खिट्टी काढून हात लावला. मी जीव खाऊन भिंत धरली, पण लोखंडाचं वजन लोखंडालाही आवरत नाही. त्याचा उजवा हात गेला.

चोराच्या उलट्या बोंबा! "त्याचंच लक्ष नव्हतं," असं मुकादम घरोघर सांगत सुटला आणि सासरची माणसंही तेच बोलू लागली. माझी स्प्रिंग तशीच ठेवून त्याने वरून रंगाचा हात फिरवला आणि मला लांबच्या जहाजावर धाडलं. ही भिंत पुन्हा पडेल तर त्याच्याच टाळक्यात, अशी मी तेव्हा शपथ घेतली.

पण सूड घ्यायला माणूस टप्प्यात यायला हवा ना! मुकादम कायम दहा हात लांब. भिंतीखाली उभी असतात ती दुसऱ्यांची लेकरं.

परवा त्याच यार्डात परत आलो. साखळ्या सोडून एका मुलीने मला थोपटलं. थोपटायची तऱ्हा तीच. ती त्या कामगाराची मुलगी होती. तिने डाव्या भिंतीच्या बुडाशी वाकून रंग खरवडला, तुटकी स्प्रिंग पाहिली आणि मुकादमाला हाक मारली. "काका, ही तीच ना?"

"काहीतरीच! हात लावला की पडते."

"मग लावा तुम्ही."

सगळे हातातलं काम टाकून बघू लागले. मुकादम पुढे आला, माझ्या भिंतीच्या बरोब्बर खाली. खिट्टी निघायचाच अवकाश! मी आसुसलो होतो. त्याने हात उचलला, वर पाहिलं आणि हात मागे घेतला.

"फोर्कलिफ्ट बोलवा," तो पुटपुटला.

कुणी हसलं नाही. फोर्कलिफ्ट समोरच रिकामी उभी होती. आली आणि भिंत अलगद उतरवून गेली.

"काका, आता घरी चला," मुलगी म्हणाली. "हेच बाबांसमोर बोला."

तो तिच्यामागे निघाला.

तुम्ही म्हणाल, फिटलं. कुठलं फिटतंय! शब्दांनी हात उगवत नाही. माझं एकच मागणं आहे: स्प्रिंग बसवा, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी लेकराचा हात जाईल. आणि स्प्रिंग बसली तरी मुकादमाला रोज एकदा माझ्या भिंतीखाली उभं करा. मी पडणार नाही. फक्त हे त्याला सांगू नका.