पाहुण्याचं औक्षण

खासदार वाल्मीकअण्णा संसदेत बोलायला उभे राहिले की जगातल्या हुकूमशहांची धडगत नसे. कुठल्या देशात पत्रकार तुरुंगात आहेत, कुठे निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, सगळं त्यांना तोंडपाठ. ती भाषणं मोबाईलवर ऐकूनच सातपूरची मोहिनी त्यांच्या ऑफिसात गेली होती. तिचा नवरा सुनील वेल्डर. कामासाठी परदेशी गेला, कंपनीने पगार थकवला म्हणून इतर कामगारांबरोबर गेटवर बसला आणि तिथल्या पोलिसांनी त्याला उचललं. दिवाळीपासून तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो जिवंत आहे की नाही, एवढंही कुणी सांगत नव्हतं.

अण्णा तेव्हा कडाडले होते, संसद दणाणून सोडतो म्हणाले होते. पुढे त्याच देशाशी नाशिकच्या द्राक्षांचा मोठा सौदा जुळायला लागला आणि अण्णांच्या भाषणांतून नेमका तोच देश गळाला. बाकीच्या हुकूमशहांना मात्र ते झोडपत राहिले.

आज त्या देशाचे राजदूत गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये सत्काराला आले होते. अण्णांनी मोहिनीला बोलावून घेतलं आणि तिच्या हाती औक्षणाचं ताट दिलं. पाहुणा खूश झाला की सुनीलचा विषय काढतो, म्हणाले. मोहिनीला शिसारी आली. ज्यांनी नवऱ्याला कोंडलं, त्यांनाच ओवाळायचं? पण अडलेल्या बाईला कसला आलाय मान! तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. फोटो निघाले.

अण्णा माईकपुढे गेले. या मित्रदेशाबद्दल छळाच्या कंड्या पिकवल्या जातात, प्रत्येक देशाची आपली एक शिस्त असते, असं बरंच काही बोलले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही मेल्याची. मग त्यांनी मोहिनीकडे हात केला.

"या आमच्या मोहिनीताई. यांचे यजमान तिथेच आहेत. तिथे माणसांचा छळ होत असता, तर यांनी आत्ता ओवाळलं असतं का?"

टाळ्या पडल्या. आपल्याला कशासाठी बोलावलं होतं ते मोहिनीला तेव्हा कळलं. ती सरळ राजदूतापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझा सुनील जिवंत आहे का?"

राजदूताला मराठी कळेना. अण्णांनी हसत हसत इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मोहिनीचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण 'थँक यू' कळण्याइतकं होतं. राजदूताने तिला हात जोडले.

तिने ताट खाली ठेवलं आणि माईक धरला.

"नो थँक यू," ती म्हणाली. "माय हजबंड. युवर जेल. जिंदा?"

राजदूताचे जोडलेले हात खाली आले. अण्णांनी तिच्या दंडाला धरून ओढलं, तरी ती हलली नाही. तिला हो किंवा नाही, एवढंच हवं होतं. राजदूत पाठ फिरवून दाराकडे चालायला लागला आणि आमचे खासदार शाल-श्रीफळ घेऊन त्याच्यामागे धावले.