कैसरने फिरवलेली साखळी

मी साखळी बोलतेय. लोखंडाची, चांगली लांब आणि दणकट. केरळातल्या पय्यन्नूरच्या बाजारातून चिरुता नावाच्या बाईने मला तिच्या गाईसाठी आणलं. गाय इतकी गरीब की मला कधी ताण म्हणून पडला नाही. एक माड, त्याच्याभोवती फिरणारी गाय आणि मी. जग एवढंच, असं मला वाटायचं.

गाय म्हातारपणाने गेली. पाठोपाठ चिरुताचा नवरा गेला, लेक लग्न होऊन मंगळूरला गेली. घरात चिरुता एकटी. तेव्हा कुठूनसा कैसर नावाचा कुत्रा आला. नाव बादशहाचं, उंची मांजराची, जोर मात्र रेड्याचा! आमच्याकडे कुत्र्याला कुणी हाड् म्हणत नाही. मुत्तप्पन देवाच्या देवळात प्रसादाचा पहिला घास कुत्र्याचाच. हे कैसरला कुणी सांगितलं कोण जाणे, पण गावभर तो जावयाच्या थाटात हिंडायचा.

चिरुताला धास्ती हमरस्त्यावरच्या बसगाड्यांची. तिने मला त्याच्या गळपट्ट्यात अडकवलं. "सगळे गेले रे, तू तरी बस घरात," म्हणाली. बसतोय कसला! खुंटा उपटायचा आणि मला फरफटत घेऊन सुटायचा.

खरं सांगू? माझी चंगळ झाली. त्याच्यामागून मी देवळाच्या पायऱ्या चढले, विड्या वळणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकल्या, एका लग्नाच्या मांडवात शिरून शिव्याही खाल्ल्या. इतकी मजा मला ठाऊकच नव्हती.

रोज संध्याकाळी चिरुता अंगणात येऊन माडाच्या शेंड्याकडे बघायची. वर भास्करन माडी काढत असायचा; तो तिला एडत्ती म्हणायचा, म्हणजे वहिनी.

"भास्करा, दिसतोय का रे आमचा?"

"दिसतोय, एडत्ती. देवळापाशी सुकी मासळी हाणतोय."

"आणि मी वाढून ठेवलेला भात?"

"तो मला द्या. मी काही पळून जात नाही!"

"तुझी बायको वेगळंच सांगते!"

एका संध्याकाळी पाणकोंबडीच्या मागे कैसर खाडीकाठच्या खाजणात शिरला. बांधावरून त्याने उडी मारली आणि मी उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, फळ्यांत अडकले. तो ओढत गेला, तशी मी आणखीच रुतले. भरती चढत होती. पाणी त्याच्या पोटाला लागलं, मग मानेला. माझ्या दणकटपणाची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. मी तुटावं म्हणून देवाला हात जोडले असते, पण मला हात कुठले?

लांबून चिरुताची नेहमीची हाक आली. उत्तर लवकर येईना. मग भास्करन जिवाच्या आकांताने ओरडला, "एडत्ती, उघाडीकडे पळा! नुसतं डोकं दिसतंय!"

साठी उलटलेली ती बाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली. कैसरचं तोंड तिने दोन्ही हातांनी वर धरलं. "मीच बांधलं रे तुला, मीच!" ती रडत होती. भास्करन माडावरून घसरतच उतरला असावा, छाती सोलून निघाली होती. त्याने कमरेची कोयती काढून गळपट्टा कापला.

कैसर शिंकला, चिरुताच्या तोंडावर चिखल उडवला आणि बांधावर चढून चक्क पळून गेला!

"बघ, थांबला का मेला!" चिरुता रडता रडता हसायला लागली.

भास्करनने मला हात घातला. "काढतो ही. लोखंड चांगलं आहे."

"राहू दे. मला ती पुन्हा घरात दिसायला नको. जेवायला येतो तो, तेवढं पुरे."

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट बरं वाटलं.

मी अजून इथंच आहे. खारं पाणी मला एकेक कडी करून खातंय, खेकडे माझ्यातून ये-जा करतात. जिने मला सोडून दिलं तिची मी ऋणी आहे, आणि त्या वात्रट पोराची तर जन्मोजन्मीची. त्याच्याशिवाय मी माडाच्या बुंध्याशीच गंजून गेले असते. तुमच्या घरी असा कुणी पळपुटा असेल, तर त्याचं ताट झाकून ठेवा, दाराला कडी घालू नका.

कैसर आजही या बांधावरून धावत जातो. माझ्याशिवाय त्याची पावलं किती हलकी वाजतात!