सतरा अर्धवट कामं

एक ना धड, भाराभर चिंध्या, असं हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून म्हणत आले आहेत. त्या महिन्यात मी उशीचा अभ्रा भरायला घेतला होता. तो अर्धा ठेवून लोकरीच्या टोपीला हात घातला, आणि टोपी सुयांवर असतानाच जुन्या कपड्यांची गोधडी कापायला बसले. त्याला चौतीस वर्षं झाली. म्हण तीच राहिली, चिंध्या तेवढ्या वाढल्या.

आज मागच्या खोलीत सतरा कामं अर्धी आहेत. लपवाछपवी कशाला, मीच मोजली आहेत. दोन गोधड्या, एक शाल, एकाच बाहीचा स्वेटर, क्रोशाचे तीन रुमाल, भरतकामाच्या चार रिंगा, कागदाच्या लगद्याचे वाडगे, शिवून झालेल्या पण पुठ्ठा न चढलेल्या वह्या, आणि असंच काहीबाही. वाडगे वाळायला तीन दिवस लागतात. गोधडी पसरायला सगळी जमीन लागते, म्हणजे घरात कुणी नसेल तेव्हाच. विणकाम दुपारी बातम्या ऐकताना, भरतकाम सकाळी खिडकीत ऊन असेपर्यंत. अंगठा दुखायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, एकच हालचाल अर्ध्या तासाच्या वर करू नका. मी म्हटलं, डॉक्टर, मी आयुष्यात केलेली नाही.

प्रत्येक काम मी त्याच्या सुईसकट ठेवते. शालीत तिच्या सुया, रुमालात त्याचा हुक, आणि जिथे थांबले तिथे लाल दोऱ्याची गाठ. सुईचा नंबर मी कुठेही लिहून ठेवत नाही. काम उचललं की सुई हातात येते आणि हात आपोआप पुढचा टाका घालतो.

हे कारखान्यात स्टोअरकीपर होते. एकतीस वर्षं नट नटांत आणि बोल्ट बोल्टांत ठेवून गेल्या वर्षी घरी बसले, आणि तेव्हापासून घराचं स्टोअर करायच्या मागे लागले. स्वयंपाकघरातून मी त्यांना दोनदा हाकलून लावलं. मागच्या खोलीकडे मात्र ते दारातूनच बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. शाल हातात दिसली की हमखास विचारायचे, "कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही."

"मग कशाला?"

या प्रश्नाला मी चौतीस वर्षं उत्तर दिलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी लेकीची इकडे बदली झाली आणि ती घरी राहायला आली. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. तिचं ऑफिसचं काम बहुतेक दिवस घरूनच असतं. निजायला ती पाहुण्यांच्या खोलीत, पण तिथे डबल बेडने सगळी जागा खाल्लेली, म्हणून काम जेवणाच्या टेबलावर. तिची मीटिंग चालू असायची आणि मागे माझा कुकर शिट्ट्या मारायचा. एका बुधवारी जेवताना तिने विषय काढलाच.

"आई, मागची खोली तशी माझीच होती ना?"

"होती," मी म्हटलं. "आठ वर्षांपूर्वी."

"मला एक टेबल आणि एक दार हवंय. दार लावता येईल असं. बाकी काही नको."

मागणी रास्त होती. मी आमटी वाढायला घेतली. यांनी ती संधी साधून सांगून टाकलं. रविवारी सकाळी साडेआठला सुतार माप घ्यायला येणार होता. म्हणजे बापलेकीचं आधीच ठरलं होतं आणि मला नुसतं कळवलं जात होतं.

"तुला कुणी बंद कर म्हणत नाही," लेक म्हणाली. तिचं कामच लोकांकडून कामं वेळेत पुरी करून घ्यायचं आहे, त्यामुळे ती घरातही तशीच बोलते. "एक काहीतरी निवड. नुसतं विणकाम धर, किंवा नुसत्या वह्या. त्यात नाव काढ. एका कामाला हॉलमधला कोपरा पुरेल."

"आणि बाकीची सोळा?"

"रविवारपर्यंत ठरव," हे म्हणाले.

ती खोली गेली तर मी उरते कुठे, हे त्या दोघांच्या डोक्यातही आलं नव्हतं. कोपऱ्यात एक काम मावेल, मी मावणार नाही.

गुरुवारी मला बहिणीकडे जावं लागलं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दोन दिवस सोबत हवी होती. मी निघताना हे म्हणाले, "निर्धास्त जा. मी बघतो." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी दुपारी परत आले तर हे दारातच उभे. चेहरा असा, की जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय. मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं.

खोली चकचकीत होती. भिंतीला लागून एकसारखे पारदर्शक डबे, प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि यांचं सुवाच्य अक्षर. विणायच्या सुया, नंबरवार. क्रोशाचे हुक, नंबरवार. दोरे, रंगवार. लोकरीचे गुंडे एकाच मापाचे, फळांच्या गाडीवर मांडल्यासारखे. लाल दोऱ्याचे तुकडे एका छोट्या डबीत, वर लिहिलेलं, 'किरकोळ'. आणि शेवटच्या मोठ्या डब्यात घड्या घातलेली सगळी कामं. पट्टी होती, 'अपूर्ण, सतरा नग'.

मी तो डबा उघडला. शाल वरच होती. उचलली तशी तिची वरची कड हातातच ढिली झाली. सुया काढून घेतल्यामुळे टाके उघडे पडले होते, आणि घडी घालताना ते एकेक करून खाली पळाले होते. पानांची जाळी होती त्या शालीवर. जाळीचे टाके एकदा निसटले की कुठला कुठे होता ते मोजूनही सापडत नाही. आठ महिन्यांतल्या चाळीस ओळी गेल्या होत्या.

"हिच्या सुया कुठे आहेत?"

"डब्यात! नंबरप्रमाणे लावल्यात बघ."

"हिचा नंबर काय होता?"

"ते तुला माहीत असणार ना," हे म्हणाले.

"सुया तिच्यात होत्या! तेच माझं माहीत असणं होतं!" माझा आवाज इतका चढला की लेक कानातले इअरफोन काढून धावत आली. "हा स्वेटर बघा. याची एक बाही ज्या सुईने विणली त्याच सुईने दुसरी विणायची असते, नाहीतर एक लांब आणि एक आखूड होते. आता कुठली सुई? हे हुक बघा, बावीस आहेत. कुठल्या रुमालाचा कुठला?"

हे स्टोअरकीपरच. वस्तू जातभाईंजवळ गेली की ती जागेवर, अशी त्यांची एकतीस वर्षांची समजूत. "मी चांगल्यासाठीच केलं गं," ते म्हणाले, आणि ते खरं होतं, म्हणून तर जास्त संताप आला. वाईटासाठी केलं असतं तर भांडता आलं असतं. मला रडू कोसळलं. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले, आणि मग तिथेच जमिनीवर बसून, पुऱ्या शुद्धीत, सूड ठरवला.

रविवारी सकाळी हे सहाला फिरायला जातात ते आठला येतात. लेक साडेआठशिवाय उठत नाही. मला दोन तास पुष्कळ झाले.

आधी हॉलचे पडदे काढले. ते मी शिवलेले. दिव्यावरची विणलेली टोपली काढली, बल्ब उघडा लोंबायला लागला. सोफ्याच्या उश्या, टेबलावरचं कापड, दारातलं पायपुसणं. यांच्या वाचायच्या खुर्चीची बैठक मी सुतळीने विणली होती, ती चार खिळे काढून अख्खी उचलली, नुसती चौकट ठेवली. यांच्या अंगावरची गोधडी, चष्म्याची पिशवी, हिशेबाची वही, फोन ठेवायचा लगद्याचा वाडगा. लेकीच्या लॅपटॉपचं कव्हर, चार्जरची थैली, आणि ती निजली होती त्या खोलीचा पडदासुद्धा हळूच. सगळं मागच्या खोलीत नेऊन जमिनीवर ढीग केला. ढीग माझ्या कमरेपर्यंत आला. खरं सांगू, मीसुद्धा चकित झाले.

आधी लेक उठली, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. मग हे आले आणि सवयीने, वर्तमानपत्र उघडत, न बघता खुर्चीत बसले. चौकटीत जे अडकले ते आम्हा दोघींना ओढून काढावे लागले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी उघड्या खिडकीतून ते सगळं पाहिलं आणि वर हातही हलवला.

"हा काय तमाशा आहे?" हे ओरडले.

"चला, दाखवते." मी दोघांना मागच्या खोलीत नेलं. "तुम्ही अपूर्ण मोजलीत ना, सतरा नग? आता ही पूर्ण मोजा. लावा पट्ट्या."

दोघंही ढिगाकडे बघत राहिले. लेकीने त्यातून एक थैली उचलली, उलटीपालटी केली. तिला ती मी कॉलेजच्या पहिल्या दिवशी दिली होती, आणि बहुधा तेव्हापासून तिने ती नीट बघितलीच नव्हती. हे खाली बसले. गोधडीवरून हात फिरवला.

"एवढं होतं घरात?" ते म्हणाले.

"होतं. पुरं झालं की खोलीतून बाहेर जातं. अर्धं असेपर्यंत तेवढं तुम्हाला दिसतं."

लेक पटकन पुढे झाली. चूक उमगली की ती ताणत नाही, तेवढं तिचं चांगलं आहे. "बाबा, आई पुरं करते. सगळं पुरं करते, फक्त तिच्या पद्धतीने. खोली तिचीच राहू दे. एवढं काम निघतंय म्हटल्यावर खोलीवर तिचा हक्कच आहे."

झालं, मी जिंकले होते. पण ते ऐकताना माझ्या मनात काहीतरी खुपलं. उद्या माझा अंगठा कामातून गेला, वर्षभर एकही पडदा शिवून झाला नाही, तर? परत डबे आणि परत पट्ट्या? ही खोली म्हणजे काय माझा पगार आहे, काम दाखवलं की मिळायचा?

"थांब," मी म्हटलं. "नको मला ती तशी."

"म्हणजे? आता हो म्हणतोय ना आम्ही!"

"एवढं केलं म्हणून खोली नको. समजा यातलं एकही झालं नसतं. समजा मी चौतीस वर्षं नुसती सुरुवातच करत बसले असते. ती शाल उसवली, ती कुणासाठी नव्हती, तिचा कुणाला काही उपयोग नव्हता. मला विणायची होती म्हणून विणत होते. तरीही खोली माझीच. या घरात वन्सं वर्षातून आठ दिवस येतात, त्यांच्यासाठी डबल बेडसकट एक खोली वर्षभर अडवून ठेवलीय. त्यांनी काय पुरं केलं, असं कधी कुणी विचारलं नाही. आणि मी तीनशे पासष्ट दिवस इथे राहते, तर मी हिशेब देऊ?"

हे काहीतरी बोलायला गेले. मी हात वर केला.

"तो बेड काढायचा. तिथे हिचं टेबल बसेल, रात्री खाली गादी पसरता येईल, आणि दारसुद्धा आहे, लावता येईल असं. वन्सं हॉलमध्ये गादीवर झोपतील. मी बहिणीकडे तशीच झोपते, माझी हाडं मोडलेली नाहीत."

"ताईला काय वाटेल?" यांचा आवाज बारीक झाला होता.

"ते मी त्यांना फोन करून विचारते. तुम्ही नका घाबरू."

लेकीला हसू फुटलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेवढ्यात बेल वाजली. साडेआठ वाजले होते. सुतार चप्पल काढून आत आला, उघड्या बल्बकडे आणि बैठक नसलेल्या खुर्चीकडे त्याने एकदा बघितलं, पण शहाणा माणूस, काही विचारलं नाही.

पाहुण्यांच्या खोलीतलं माप लेकीने घेऊन दिलं. मग मी त्याला मागच्या खोलीत आणलं.

"इथेही एक टेबल," मी म्हटलं. "कापायचं. चौतीस वर्षं जमिनीवर वाकून कापतेय, गुडघे तक्रार करायला लागलेत. या भिंतीपासून खिडकीपर्यंत."

सुताराने टेप काढली आणि सवयीने यांच्याकडे बघितलं. "काय साहेब, करायचं?"

"इकडे बघा," मी म्हटलं. "टेबल मला हवंय."

त्याने मान डोलावली. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, आणि खोलीभर माझा ढीग पडलेला. हे उठले. पडद्यांवरून, उश्यांवरून जपून पाय टाकत भिंतीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि टोक भिंतीला घट्ट दाबून धरलं. सुताराने टेप खिडकीपर्यंत ताणली.

"किती ठेवू?" त्याने विचारलं. "भिंत सात फुटाची आहे. पण येण्याजाण्याला जागा सोडून सहा पुष्कळ होईल."

हे खालून माझ्याकडे बघत होते.

"सात," मी म्हटलं.