निवृत्तीनंतर ऐकायची गाणी

आमच्या सासरच्या गोतावळ्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस मी. ही पदवी मला अकरा वर्षांपूर्वी मिळाली. सासऱ्यांचा प्रिंटर चालत नव्हता, मी तो बंद करून पुन्हा चालू केला, तो चालला. तेव्हापासून तिकडच्या कुठल्याही घरात यंत्राला शिंक आली की फोन मला येतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पण अर्थशास्त्रातलं मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

तर साडूभाऊंचा कॉम्प्युटर गोगलगाईच्या चालीने चालायला लागला, तेव्हा मलाच बोलावणं आलं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंप बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. नटबोल्टपासून मोटारीपर्यंत हरेक खोक्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी असायची, आणि चिठ्ठी नसलेली वस्तू जगात नसते, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. घरातसुद्धा मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ लिहिलेलं. ताई म्हणायची, “माझ्या कपाळावर लावायची तेवढी राहिलीये.”

या माणसाला एकच व्यसन होतं, गाणी. रेडिओवरून, लोकांकडून मागून आणलेल्या कॅसेटींवरून, कुणाच्या तरी माळ्यावरच्या तबकड्यांवरून त्यांनी बावीस वर्षं गाणी कॉम्प्युटरमध्ये भरली. नऊ हजारांवर. प्रत्येकाचं नाव, गायिका, साल आणि कोणाकडून मिळालं, सगळं फाईलच्या नावात.

“एवढी ऐकता कधी हो?” मी एकदा विचारलं होतं.

“ऐकत नाही, तपासतो. सुरुवातीचे दहा सेकंद. माल बरोबर आहे का ते कळायला तेवढे पुरतात. ऐकायची निवृत्तीनंतर.”

निवृत्ती झाली. मग त्यांनी याद्या करायला घेतल्या. दुपारच्या, संध्याकाळच्या, ‘घरात कोणी नसताना’, ‘घरात सगळे असताना’, आणि सगळ्यांत मोठी ‘निवृत्तीनंतर’, तिचे चाळीस भाग. दोन वर्षं याद्या लावण्यात गेली. त्याच दोन वर्षांत उजवा कान गेला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी डावा तपासला आणि कागदावरच्या उतरत्या रेघेवरून पेन फिरवलं. “नस सुकतेय. सहा महिने, फार तर आठ. मग यंत्राचाही उपयोग नाही. जे ऐकायचंय ते ऐकून घ्या.”

इतकं स्पष्ट बोलणारे डॉक्टर आपल्याला आवडतात, असं आपण म्हणतो.

साडूभाऊ घरी आले, खुर्चीत बसले, ‘निवृत्तीनंतर, भाग पहिला’ लावला, आणि कॉम्प्युटर दर तीन शब्दांना अडखळायला लागला. म्हणून मला फोन.

मी गेलो. निदान केलं. डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल, त्याआधी गाणी दुसऱ्या डिस्कवर काढून घेऊ. ‘गाणी’ नावाचा कप्पा उघडला, सगळं निवडलं, कॉपी केलं. चार सेकंदांत झालं. बावीस वर्षांचा ठेवा चार सेकंदांत! मी साडूभाऊंना म्हणालोसुद्धा, “बघा, काय वेग आहे!” ते कौतुकाने हसले. मग मी डिस्क पुसली.

त्या कप्प्यात याद्या होत्या. दोनशे बारा याद्या. यादीत गाणं नसतं, गाण्याचं नाव आणि पत्ता असतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. म्हणजे गाव वाहून गेलं होतं आणि माझ्या हातात टपालखात्याचं रजिस्टर होतं.

साडूभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “चूक मालाची नाही. ठेवणाऱ्याची आहे. वर पाटी लावायला हवी होती.”

बाजाराच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, गेलेला डेटा काढून देणाऱ्या एक बाई बसतात. टेबलावर उघड्या डिस्का, कपाळावर भिंग. त्यांनी आमची डिस्क आठ दिवस ठेवून घेतली आणि मग मला बोलावलं.

“काका, गाणी मिळाली. जवळजवळ सगळी.”

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

“पण नावं नाही मिळाली. एक, दोन, तीन, असे नंबर आहेत फक्त. कुणी गाण्याच्या पोटात नाव लिहून ठेवतं, तुमच्या साडूंनी सगळं बाहेरच्या बाहेर लिहिलेलं. चिठ्ठ्या गेल्या, काका. खोकी आहेत.”

तर असं झालं. एका बाजूला नावं होती, गाणी नव्हती. दुसऱ्या बाजूला गाणी होती, नावं नव्हती. त्या दोघांची गाठ घालून देऊ शकेल असा जगात एकच कान होता, आणि त्याला सहा महिन्यांची मुदत मिळालेली.

गाणी ओळखणारं काहीतरी फोनमध्ये असतं, असं माझी मुलगी म्हणाली. आम्ही फोनला पहिलं गाणं ऐकवलं. रेडिओच्या खरखरीतून फोनने बराच विचार केला आणि ‘झोपेसाठी पावसाचे आवाज’ असं उत्तर दिलं. “आणि ही सगळी गाणी नेटवर असतील की, मावसोबा,” मुलगी म्हणाली. साडूभाऊ म्हणाले, “वाण्याकडे धान्य असतं म्हणून कोणी घरची कोठी जाळत नाही.” विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी त्यांच्याकडे जायला लागलो. स्पीकर टेबलाच्या कडेला. साडूभाऊ डावा कान त्याला जवळजवळ चिकटवून बसत, डोळे मिटून. मी नंबर लावायचा, त्यांनी नाव सांगायचं, मी यादीत शोधून टाईप करायचं, समोर टिक. मानलं पाहिजे, गायिकेने तोंड उघडायच्या आत ते नाव सांगत. नुसत्या सुरुवातीच्या सतारीवर, नुसत्या तबल्याच्या दोन थापांवर. कधीकधी तर नुसत्या खरखरीवर: “ही आमच्या पंपवाल्या मॅनेजरची तबकडी. हिला सुरुवातीलाच चरा आहे.” काही फाईली खरोखरच मेलेल्या निघत, त्यांत आवाजच नसे. त्या ‘रिकामी’ म्हणून बाजूला, आणि उठताना पुसून टाकायच्या. दिवसाला चाळीसेक गाणी व्हायची. प्रत्येकाचे दहा सेकंद.

तिसऱ्या आठवड्यात मला हिशेब लागला. या वेगाने नावं लागेपर्यंत कान संपणार होता.

“साडूभाऊ,” मी म्हणालो, “आज काम नको. एखादं पूर्ण ऐकू.”

“नावं लागली की सलग ऐकू ना. आत्ता मधूनच उचललं तर गोंधळ होईल.”

“पण तोवर...”

“प्राध्यापक, पसारा कोणी घातला? मी आवरतोय ना?”

यावर मला बोलायला तोंड नव्हतं. मी पुढचा नंबर लावला.

बोलायला तोंड होतं ते ताईला. ती एका दुपारी पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून आमच्यामध्ये बसली. “एक लावा. अख्खं. मीही ऐकते. तीस वर्षं ‘नंतर, नंतर’ ऐकतेय, ते तेवढं अख्खं ऐकलंय.”

“कोणतं लावू?” साडूभाऊ जरा घाबरूनच म्हणाले.

“मला काय ठाऊक? मला कधी दहा सेकंदांच्या पुढे जाऊ दिलंत? कोणतंही लावा. पण संपेपर्यंत हलायचं नाही.”

मी नाव लागलेल्यांपैकी एक लावलं. साडूभाऊंनी कान टेकवला. बासरी झाली, आवाज आला, ताईने डोळे मिटले. अर्धं मिनिट झालं असेल. मला वाटलं, सुटलो.

“थांबवा, थांबवा!” साडूभाऊ ताठ झाले. “सालात चूक आहे. हिचा आवाज तेव्हा इतका पिकलेला नव्हता. हे दुसरं रेकॉर्डिंग. यादी सोळामध्ये बघा.”

मी सोळामध्ये बघितलं. बरोबर होतं त्यांचं. चिठ्ठी बदलली. तोवर ताई उठून गेली होती आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करत होती. तो आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. मला येत होता.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तू सांगत का नाहीस त्यांना स्पष्ट?” मी म्हणालो, “डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय.” ती म्हणाली, “मग?” बुडत्या घरात माणूस नेमकी कपाटाची आवराआवर का करतो, यावर अर्थशास्त्रात एखादा सिद्धांत असायला हवा. शोधला, सापडला नाही.

महिने गेले. स्पीकरचा आवाज आम्ही वाढवत नेला. शेजारच्यांनी आधी दार वाजवलं, मग कारण कळल्यावर वाजवायचं बंद केलं. आता साडूभाऊ गाल स्पीकरवर टेकवून बसत, हनुवटीच्या हाडातून थाप ओळखत. दिवसाला चाळीसची तीस झाली, मग वीस. नाव सांगायला वेळ लागायचा. कधी तीनतीनदा लावावं लागे. तरी सांगत, आणि बरोबर सांगत.

सहा हजारांचा आकडा पार झाला त्या आठवड्यातली गोष्ट. मी एक नंबर लावला. साडूभाऊ गाल टेकवून बसले. दहा सेकंद, वीस सेकंद.

“रिकामी,” ते म्हणाले. “पुढची.”

गाणं चालू होतं. खणखणीत, बाईचा आवाज, मागे व्हायोलिनं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे मिटून, शांतपणे पुढच्याची वाट बघत होते. मी पुढची लावली.

“ही पण रिकामी. त्या बाईंनी नीट काढलेल्या दिसत नाहीत.”

मी वहीत लिहिलं, ‘रिकामी’. काय लिहिणार होतो? तिसरी लावली. तीही रिकामी. चौथी लावली तेव्हा ताई दारात आली. ओला हात तसाच. तिने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्या वहीकडे.

“पुढची,” साडूभाऊ म्हणाले.

मी माऊसकडे हात नेला. ताईने माझ्या मनगटावर आपला ओला हात ठेवला. मी थांबलो. गाणं पुढे गेलं. पहिलं कडवं झालं, मधली वाद्यं झाली, दुसरं सुरू झालं.

“काय करताय, प्राध्यापक? रिकामी आहे म्हटलं ना,” साडूभाऊंनी डोळे उघडले. ताईचा चेहरा समोर होता. त्यावरून त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे आवाजाच्या हिरव्या पट्ट्या उसळत होत्या. वर, खाली, वर. चौतीस वर्षं त्यांनी माणसांपेक्षा काट्यांवर विश्वास ठेवला होता. ते पट्ट्या बघत राहिले. मग स्पीकरवर तळहात ठेवला, आणि ठेवलेलाच ठेवला.

गाणं संपलं. पट्ट्या पडल्या.

“हे कोणतं होतं?” त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने फार मोठ्याने विचारलं.

ताईने माझ्या वहीचं पान फाडलं. मी गाणं पहिल्यापासून लावलं, आणि पहिली ओळ आली तशी तिने लिहून त्यांच्यापुढे धरली. साडूभाऊंचा चेहरा एकदम उजळला. “हां! निवृत्तीनंतर, भाग सातवा, तिसरं! लिहा, प्राध्यापक.” त्यांनी स्वतः यादीत बोट ठेवलं. मी नाव टाईप केलं, टिक केली. एका गाण्याला त्याचं नाव मिळालं.

ताई मात्र थांबली नव्हती. गाणं चालू होतं आणि ती लिहीत होती, ऐकेल तसं, शाळेतल्या मुलीसारखी वाकून. दुसरी ओळ, तिसरी. कडवं. ‘निघताना दाराची कडी हळूच लाव’ असं काहीतरी होतं त्यात. तिने कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

साडूभाऊंनी वाचलं. परत वाचलं.

“हे याच गाण्यात आहे?”

ताईने मान हलवली.

“असं पुढे आहे होय हे,” ते म्हणाले. कागद जरा लांब धरून त्यांनी तो तिसऱ्यांदा वाचला. “छान आहे की. आणि हे म्हणते कसं ती? ही कडीची ओळ? चाल कशी आहे?”

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. मग तिने उजवा हात उचलला, हवेत हळूहळू वर नेला, तिथे जरासा हलवला, थोडा खाली आणला. साडूभाऊ त्या हाताकडे एकटक बघत होते. स्पीकरमधली बाई केव्हाच पुढच्या ओळीवर गेली होती. ताईला हात पुढे कुठे न्यायचा ते कळेना, म्हणून तिने तो तसाच हवेत धरून ठेवला.