कागदावरची एक वाटी

मी एक वाटी बोलतेय. स्टीलची, छोटी, काठाला एका बाजूने किंचित चेपलेली. मला बघून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. पण एका माणसाचा पाय गेला, त्यात माझा हात होता. वाटीला कुठला आलाय हात, असं म्हणाल. आधी ऐकून तर घ्या.

कारखान्यात एकाच पत्र्यातून आम्ही सहा बहिणी निघालो. यंत्राचा एक दणका, कडा घासल्या, पॉलिश केलं, की झाला जन्म. तिथून दुकानात आणि दुकानातून एका शिंप्याच्या घरी. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाक आणि मध्ये पडदा. शिंप्याला सगळी गल्ली काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. मूलबाळ नव्हतं. काका नाकासमोर चालणारे. गिऱ्हाइकाचं उरलेलं वीतभर कापडसुद्धा पुडीत बांधून परत द्यायचे.

पन्नाशीत काकांना साखर निघाली. काकूंना ते पटेचना. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना त्या म्हणाल्या, की आमच्याकडे मांस-मासे सोडाच, अंडंसुद्धा येत नाही, मग हा आजार आला कुठून?

बाई हसल्या. "काकू, तांदूळ आणि बटाटेही शाकाहारीच असतात. तुमचं जेवण चांगलंच आहे. फक्त ते मापात हवं."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. दोन्ही वेळा एक वाटी भात, एक वाटी डाळ नाहीतर कडधान्य, दोन वाट्या भाजी, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे. काकूंनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. ही चालेल का, म्हणून विचारलं. बाईंनी पेनाने माझ्या काठावर टक् केलं आणि म्हणाल्या, अगदी हीच. कमी नको, जास्त नको. सहा बहिणींतून माझी निवड झाली होती. त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

आणि तिथेच घोटाळा झाला. स्वयंपाकघरात माप घेतात ते डब्यापाशी. तांदूळ मोजायचे, धुवायचे, पाणी घालून गॅसवर चढवायचे. शिजलेला भात कोण मोजतं? तो वाढायचा असतो. काकूंची जन्माची सवय. त्यांनी मला तांदळाच्या डब्यात बुडवलं, वरून सुरी फिरवून सपाट केलं आणि काकांचा भात छोट्या पातेल्यात वेगळा लावला. डाळीचंही तेच. माझ्याएवढे तांदूळ शिजले की तीन वाट्या भरतील एवढे फुगतात. बाईंनी सांगितलेली वाटी शिजलेली होती, काकूंनी घेतलेली कच्ची. मला सगळं दिसत होतं आणि मी मूग गिळून गप्प होते. मूग तर रोजच माझ्यात असायचे.

काका पूर्वी एवढा भात खातही नसत. ताटातला ढीग बघून म्हणायचे, आज थोडा काढून ठेव. काकू कागदावर बोट ठेवायच्या. काका निमूट संपवायचे. चहातली साखर त्यांनी कधीच सोडली होती. गिऱ्हाइकाने आणलेला पेढ्यांचा पुडा हात न लावता शेजारी जायचा. आणि तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर साखर आणखी चढलेली.

डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि विचारलं, बाहेर काही खाता का? काका नाही म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग तो प्रश्न दवाखान्यातून घरी आला. काकू मापात कणाचीही चूक करत नव्हत्या, म्हणजे चोरी दुसरीकडेच होत असणार. त्या मशीनचा खण उघडून बघू लागल्या. एकदा काकांच्या सदऱ्यात चॉकलेटचा कागद सापडला. काका सांगत राहिले, की गिऱ्हाइकाच्या कोटाचा खिसा उसवताना निघाला, फेकायचा राहून गेला. काकूंनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून काका जेवायला बसण्याआधी खिसा उलटा करून दाखवायचे.

तरीही साखर उतरेना. काकूंनी बोलणं टाकलं. त्या ताट वाढायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. शेवटी एका दुपारी काका घास हातात धरून म्हणाले, "खातो मी. कोपऱ्यावरच्या बेकरीत. आता नाही खाणार."

काकूंनी डोळे पुसले आणि त्यांच्या ताटात डाळ वाढली. मला लाज वाटली. वितळून पुन्हा पत्रा व्हावं असं वाटलं.

काकूंनी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी कागदावर लिहिलं, पथ्य पाळत नाहीत. मग कुणी काही विचारलंच नाही, ना भाताचं, ना मापाचं. खोटं ठरलेल्या माणसाला कुठे जायला तोंड राहत नाही. काका तपासणीला जाईनासे झाले. गोळ्या त्याच जुन्या चालू राहिल्या.

आधी त्यांचे पाय बधिर झाले. मशीन चालवताना पाय जागेवर आहे का, ते वाकून बघावं लागायचं. खाली पडलेली सुई टाचेत घुसली आणि दोन दिवस आतच राहिली. मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. जखम चिघळली, काळी पडली. डावा पाय गुडघ्याखालून काढला.

काकूंनी मला दवाखान्यात नेलं होतं, दही वाढायला. दुपारी वॉर्डात जेवणाचा ट्रे आला. त्यात भात एवढासा. काकू म्हणाल्या, एवढासाच का?

ट्रे देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एक वाटी असतो, बाई. साखरवाल्यांना सगळ्यांना एवढाच."

काकूंनी मला पिशवीतून काढलं आणि ट्रेमधला भात चमच्याने माझ्यात भरला. मी काठोकाठ भरले. ट्रेमध्ये एक शीतही उरलं नाही. काकूंनी तो परत ट्रेमध्ये ओतला आणि पुन्हा भरून बघितला, तेवढाच.

आहारतज्ज्ञ बाई आल्या आणि ऐकून खाली बसल्या. म्हणाल्या, शिजलेली वाटी असं मीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते कळतंच. मग म्हणाल्या, एकट्या भाताने पाय जात नाही, तपासण्या चुकल्या, गोळ्या बदलल्या नाहीत. पण सुरुवात कुठून झाली, ते आम्हा तिघींनाही कळलं होतं.

संध्याकाळी काकूंनी काकांना सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही बेकरीत कधी गेलाच नव्हता ना?"

"नाही."

"मग हो कशाला म्हणालात?"

काका छताकडे बघत होते. "वर्षभर नाही म्हणून बघितलं होतं," ते म्हणाले.

आता मशीनवर चादर टाकलेली असते. काका हाताने काजं करतात, बटणं लावतात. काकू रोज त्यांचा उजवा पाय उजेडात धरून तळव्यापर्यंत बघतात. भात शिजला की मग माझ्यात भरतात. साखर उतरली आहे. घरात बोलणं फारसं नसतं.

तुमच्या घरी कुणाच्या कागदावर माझं नाव लिहिलेलं असेल, तर कच्ची की शिजलेली, तेवढं विचारून घ्या. आणि घरातलं माणूस नाही म्हणत असेल, तर आधी माप तपासा, मग त्याला. मला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं, तरी उपयोग झाला नाही.

काका अजूनही जेवायला बसण्याआधी सदऱ्याचा खिसा उलटा करतात. काकूंनी कितीदा सांगितलं, नका हो करू असं. ते बरं म्हणतात. दुसऱ्या दिवशी ताट समोर आलं, की हात आपोआप खिशाकडे जातो.